त्या दोघांना वेळ कोण देतं?

कोरियन चित्रकथांतल्या दोन पुरुषांच्या प्रेमाबद्दल आपल्याकडे बोलणं निघालं की दोनच सूर लागतात. एक नाक मुरडणारा: मुलींना हे काय खूळ लागलंय! दुसरा कौतुकाचा: बघा, नवी पिढी किती मोकळी झाली! दोन्ही सुरांत मूळ प्रश्न राहून जातो. परक्या देशातल्या, परक्या भाषेतल्या, कागदावरसुद्धा नसलेल्या दोन तरुणांच्या गोष्टीने वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी कसं येतं? ते येतं हे मी पाहिलंय, आणि ते नुसत्या देखण्या चेहऱ्यांमुळे येत असेल असं मला वाटत नाही.

मी राहते ती घोडबंदरची बाजू म्हणजे प्रवासात आयुष्य काढणाऱ्यांची वस्ती. एकीकडे गायमुखच्या चढावर अडकलेली वाहनांची रांग, दुसरीकडे मीरा रोड आणि भाईंदरहून सुटणाऱ्या, श्वास घ्यायला जागा नसलेल्या लोकल. दिवसाचे दोन-तीन तास हातात फोन धरून उभं राहायचं. कोरियन वेबटूनची, म्हणजे फोनवरच्या या चित्रकथांची, घडण जणू याच तासांसाठी झाली आहे. उभ्या पडद्यावर अंगठ्याने सरकवत वाचायचं, एका वेळी एकच चौकट दिसते, शेजारीण डोकावली तरी तिच्या हाती फारसं लागत नाही. वन-रूम-किचनमध्ये चार-पाच माणसांत वाढलेल्या मुलामुलींना एवढासुद्धा आडोसा दुसरीकडे मिळत नाही. घरात रडायची सोय नसते, ती लेडीज डब्यात होते.

या उभ्या वाचनाला आता वीस वर्षं उलटून गेली. २००३ साली कांग पुल या चित्रकाराने दाउम या संकेतस्थळावर एक साधी प्रेमकथा सरकवत वाचायच्या पद्धतीने मांडली आणि ती कोरियात घरोघरी पोचली. पुढच्याच वर्षी नेव्हर कंपनीने वेबटूनचं दालन उघडलं. २०१३ मध्ये लेझिन हे संकेतस्थळ आलं, त्याने प्रौढांसाठीच्या कथा पैसे मोजून वाचायची सवय लावली. काकाओ कंपनीने तर वाट पाहणंच विकायला काढलं: थांबलात तर पुढचा भाग फुकट, धीर नसेल तर पैसे भरा. धंद्याची युक्ती म्हणून ती चतुर आहेच, पण कथेच्या अंगानेही तिचा परिणाम मोठा झाला. वाचक आठवडाभर एका अर्धवट वाक्यावर टांगलेला राहतो. दोघांमधला एक बोलायला तोंड उघडतो आणि भाग संपतो. मग आठ दिवस ते वाक्य वाचक स्वतःच मनात पुरं करत बसतो.

आता त्या चित्रांकडे बघा. छापील पानावर चौकटी शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात, कागद महाग असतो. इथे दोन चौकटींमध्ये हवं तेवढं पांढरं सोडता येतं. एकाने प्रश्न विचारला, खाली नुसता पांढरा पडदा, अंगठा सरकतोय, अजून पांढरंच, मग दुसऱ्याचा फक्त कान, लाल झालेला. उत्तर नाहीच. त्या पांढऱ्या जागेत जो वेळ जातो तो वाचकाच्या स्वतःच्या अंगठ्याने जातो, म्हणून तो खरा वाटतो. कोरियन चित्रकारांनी ही गोष्ट इतकी पचवली आहे की संवाद कमी झाले तरी कथा अडत नाही. छत्री कुणाच्या डोक्यावर जास्त आहे, कुणी कुणाच्या ताटात काय वाढलं, फोन वाजला तेव्हा कुणी आधी पाहिलं, एवढ्यावर दहा-दहा भाग चालतात. आपल्याकडचा संपादक याला ‘पाणी घालणं’ म्हणेल. मला त्यात कारागिरी दिसते.

‘सिमँटिक एरर’ हे याचं सर्वांत सोज्ज्वळ उदाहरण. जो सु-री यांची ही मूळ कादंबरी. तिचं वेबटून झालं आणि २०२२ साली ‘वॉचा’ या कोरियन स्ट्रीमिंग सेवेवर आठ भागांची मालिका आली. संगणकशास्त्राचा चू सांग-उ हा नियमावर बोट ठेवून चालणारा विद्यार्थी. गटाने करायच्या प्रकल्पात ज्यांनी काम केलं नाही त्यांची नावं तो वगळून टाकतो, आणि त्यामुळे जांग जे-योंग या डिझाइनच्या विद्यार्थ्याची पदवी अडते. जे-योंग सूड म्हणून त्याच्या मागे लागतो. रोजच्या बाकावर बसायचं, त्याला आवडत नाहीत ते रंग घालून समोर यायचं. सूड कधी ओढ झाला ते दोघांनाही कळत नाही, वाचकाला मात्र त्यांच्या आधी कळतं. सगळी गंमत त्या ‘आधी’त आहे. कथेत कुणी मरत नाही, कुणाला घराबाहेर काढत नाहीत. एका हेकट मुलाला आपल्या ठरलेल्या दिवसात दुसऱ्या माणसासाठी जागा करावी लागते, एवढंच घडतं. आणि तेवढ्यात पुरुषाच्या मनाबद्दल इतकं सांगून होतं, जितकं आपल्या कित्येक ‘सामाजिक’ नाटकांत होत नाही.

या कथांचं मूळ जपानात आहे आणि ते बायकांच्या हातचं आहे, हे इथे सांगायला हवं. १९७४ मध्ये हागिओ मोतो यांनी जर्मन वसतिगृहातल्या मुलांची गोष्ट चितारली. १९७६ मध्ये ताकेमिया केइको यांनी फ्रेंच वसतिगृहातल्या दोन मुलांची. दोघीही तरुण होत्या, लिहीत होत्या मुलींच्या नियतकालिकांसाठी. मुलगे का निवडले, यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलंय. सर्वांत पटणारं कारण साधं आहे. मुलगी नायिका केली की तिचं लग्न, तिचं शील, तिचं घर हे सगळं गोष्टीच्या पाठी लागतं. दोन मुलगे घेतले की ते ओझं उतरतं आणि नुसतं प्रेम उरतं. पुढे कोरियातही लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या बहुतेक बायकाच राहिल्या. म्हणजे या कथांतला पुरुष हा बऱ्याच अंशी बाईने कल्पिलेला, ऐकणारा, रडणारा, माफी मागणारा पुरुष आहे. समलिंगी पुरुषांपैकी काहींना तो खोटा वाटतो, आणि त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे.

तक्रारी आणखीही आहेत. ब्योन्दोक यांची ‘पेंटर ऑफ द नाइट’ ही जोसन राजवटीच्या काळातली कथा २०१९ पासून लेझिनवर गाजली. एक उमराव, त्याने दबावाखाली ठेवलेला एक गरीब चित्रकार. चित्रं अप्रतिम, मनाचे पीळ बारकाईने रंगवलेले, पण सुरुवातीची जबरदस्ती पुढच्या हळवेपणाने धुऊन काढल्यासारखी होते. मला हे खटकतं. धन्याचं दुःख मोठं केलं की नोकराचा नकार लहान होतो, ही चलाखी आपल्या जुन्या सिनेमांनीही केलेली आहे. कूगी यांच्या ‘किलिंग स्टॉकिंग’ला तर प्रेमकथा म्हणणंच चूक. ती भयकथा आहे, आणि भयकथा म्हणून वाचली तर सरस आहे.

दुसरी उणीव मला जास्त मोठी वाटते. या चित्रकथांतल्या तरुणांना घर नसतं. असलं तरी आईवडील परगावी, परदेशी, किंवा एका चौकटीपुरते. कायदा नाही, नातेवाईक नाहीत, शेजारी नाहीत. प्रत्यक्ष कोरिया असा नाही. तिथे समलिंगी विवाहाला मान्यता नाही, आणि लष्करी फौजदारी कायद्यातलं सैनिकांमधल्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम २०२३ मध्येही तिथल्या घटना न्यायालयाने कायम ठेवलं. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पुरुषाला जोडीदाराच्या आरोग्यविम्याचा लाभ मान्य केला, तीच मोठी बातमी ठरली. चित्रकथेच्या पांढऱ्या पडद्यावर यातलं फारच थोडं उमटतं. दोघांना वेळ मिळतो तो जगाला चौकटीबाहेर ठेवून.

आता आपल्याकडे वळू. मराठीने दोन पुरुषांना प्रेम करताना पाहिलेलं नाही, असं कुणी म्हटलं तर ते खोटं आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. दोन पुरुष रंगमंचावर रुसत-मनवत होते आणि अख्खं नाट्यगृह त्या अनुरागात बुडालं होतं. त्या प्रेक्षकांना काही वावगं वाटलं नाही, कारण शालू मध्ये होता. कोरियातही नाम्सादांग नावाच्या पुरुषांच्याच फिरत्या मंडळ्या होत्या, त्यांत स्त्रीभूमिका पुरुष करत. त्या जगावरचा ‘द किंग अँड द क्लाउन’ हा चित्रपट २००५ च्या अखेरीस आला आणि तिथे सव्वा कोटीच्या आसपास लोकांनी पाहिला. राजा, डोंबारी आणि स्त्रीभूमिका करणारा देखणा नट यांची ती गोष्ट. त्यांनी शालूच्या आतल्या माणसाकडे पाहिलं. आपण बराच काळ शालूकडेच पाहत राहिलो.

सतीश आळेकरांनी मात्र पाहिलं. ‘बेगम बर्वे’ (१९७९) मधला बर्वे उदबत्त्या विकतो आणि संगीत नाटकाच्या स्वप्नात जगतो. जावडेकर आणि बावडेकर हे दोन कारकून त्या स्वप्नात शिरतात, त्यात लग्न लागतं, डोहाळेसुद्धा लागतात, आणि स्वप्न फुटतं तेव्हा मार बर्व्याच्या वाट्याला येतो. इतकं कोमल आणि इतकं क्रूर नाटक मराठीत दुसरं नाही. पण त्याला दोन पुरुषांची प्रेमकथा म्हणता येत नाही. ती एकट्याची उपासमार आहे. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधला नाच्या होणारा गुणाही शेवटी एकटाच. रवी जाधवांच्या २०१० च्या चित्रपटाने त्या कथेला गर्दी मिळवून दिली. त्या गर्दीने गुणाची बदनामी आणि त्याची जिद्द पाहिली. तिथे प्रेमाचा प्रश्नच नव्हता. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ चं. धाडसी, पण ती एका मुलीची गोष्ट असल्याने इथे तिचा उल्लेख पुरे.

थेट विषयाला हात घातला तो नंतरच्या पिढीने. तोवर मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ काढलं होतं, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला होता. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि मराठीत सातत्याने लिहिलं. त्यांची ‘पार्टनर’ ही कादंबरी एका मुलाच्या घुसमटीची आहे. (वपुंच्या ‘पार्टनर’च्या शोधात दुकानात गेलेल्या एखाद्याच्या हाती ही लागली असेल तर बरंच झालं.) चेतन दातारांच्या ‘एक माधवबाग’मध्ये आई एकटी रंगमंचावर असते. मुलाचं सत्य तिला कळलंय आणि ती स्वतःशी, आपल्याशी बोलते आहे. मोना आंबेगावकर यांनी ते वर्षानुवर्षं केलं. मी म्हणेन, मराठी घराला या विषयावर सर्वांत जास्त काही शिकवलं असेल तर या एकपात्रीने.

पण त्यात काय घडतं पाहा. मुलगा रंगमंचावर येतच नाही. त्याचा प्रियकर तर दूरच. गोष्ट आहे कळण्याची: आईला कळलं, आई हादरली, आईने समजून घेतलं. आपल्या या सगळ्या लेखनाचा कणा ‘घरी सांगणं’ हाच राहिला, आणि त्याची कारणं उघड आहेत. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत हा २००९ च्या जुलैत दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेला दिलासा डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतला, ६ सप्टेंबर २०१८ ला तो परत मिळाला. ज्या प्रेमाला कायदा गुन्हा म्हणत होता त्याच्या लेखकाला आधी वकिली करणं भाग होतं. वाचकाला पटवून देताना दोघांना नुसतं एका बाकावर बसवून ठेवायची चैन त्याला परवडत नव्हती. त्या लेखनाचं ऋण मोठं आहे. तरी वाचक म्हणून माझी भूक उरते. सगळ्या घराला समजावून झाल्यावर ते दोघं एकमेकांशी काय बोलले?

सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ने या प्रश्नाला पहिलं खरं उत्तर दिलं. मौजेने २००६ मध्ये ती छापली. जेरी पिंटोंच्या इंग्रजी अनुवादाने २०१३ मध्ये ती बाहेर पोचली. पुण्यातलं घर, वरच्या खोलीत आलेला एक भाडेकरू, ज्याचं नाव शेवटपर्यंत कळत नाही. तनय आणि त्याची बहीण अनुजा, दोघंही त्याच्या प्रेमात. तो अनुजाला घेऊन निघून जातो आणि काही महिन्यांनी तिलाही सोडतो. पहिला भाग तनय सांगतो, सगळा त्या गेलेल्या माणसाला उद्देशून. तो कसा कॉफी प्यायचा, खोलीत रंगांचा वास कसा असायचा, कुठली गोष्ट त्याने कधी म्हटली होती, असं मागेपुढे, आठवेल तसं. कोरियन चित्रकार पांढऱ्या जागेने जे साधतात ते कुंडलकर या आठवणींच्या उलटसुलट रांगेने साधतात. पण कादंबरीचा खरा घाव दुसरीकडे आहे. अनुजाचं दुःख घरभर पसरतं. तिच्यासाठी आईवडील कोसळतात, नातेवाईक जमतात, डॉक्टर येतो. त्याच घरात, त्याच माणसासाठी तनयचंही सगळं गेलेलं असतं आणि त्याला कुणी पाणीसुद्धा विचारत नाही. हे एकाच छपराखालचं वेगवेगळं मोजमाप मी कुठल्याही वेबटूनमध्ये पाहिलेलं नाही. त्याला मराठी घरच लागतं. २०२२ च्या नेटफ्लिक्सवरच्या चित्रपटात कथा केरळात गेली. निळाई देखणी झाली, पण पुण्याच्या घराचा तो जिना हरवला.

आणि मग ‘साबर बोंडं’. रोहन परशुराम कानवडे यांचा हा मराठी चित्रपट २०२५ च्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपटांच्या विभागात सर्वोच्च ज्युरी पारितोषिक घेऊन आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्या चित्रपटगृहांत लागला. पुरस्काराची बातमी सगळ्यांनी वाचली, चित्रपट त्या मानाने थोड्यांनी पाहिला. तिशीतला आनंद वडिलांच्या दहा दिवसांसाठी मुंबईहून गावी जातो. तिथे बालपणीचा मित्र बाळ्या आहे, शेतात राबणारा, लग्नाच्या तगाद्याने वैतागलेला. नातेवाईक आनंदच्याही लग्नाचा विषय काढतातच. सुतकातही आपण थांबत नाही. आईला मुलाचं ठाऊक आहे. पार्श्वसंगीत नाही, कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसतो. दोघं झाडाखाली पडून राहतात, रानातली काटेरी फळं एक जण दुसऱ्यासाठी आणतो.

मला या चित्रपटाचं थोरपण एका साध्या योजनेत दिसतं. दोन पुरुषांना गावात एकत्र, रिकामं बसायला वेळ कधी मिळेल? एरवी मिळणार नाही. कामं असतात, डोळे असतात. सुतकात मिळतो. ज्या चालीरीती आनंदला जखडतात, त्याच त्याला दहा दिवस गावातून हलू देत नाहीत. कानवडेंनी घराला, भावकीला, आईला बाहेर ठेवलं नाही. त्या सगळ्यांच्या मधोमध त्यांनी दोघांसाठी वेळ काढला. कोरियन चित्रकथा जग पुसून जे मिळवतात, ते त्यांनी जग तसंच ठेवून मिळवलं. म्हणून आजवरच्या मराठी कथनात मी त्याला सर्वांत वरची जागा देते.

एका चित्रपटाने परंपरा होत नाही हे खरं. पण चित्रपटाला कोटी लागतात, चित्रकथेला एक चित्रकार आणि एक लेखक पुरतो. कोरियात मालिका, सिनेमे नंतर आले. आधी कुणीतरी खोलीत बसून ती कथा काढली होती. आपल्याकडे चित्रांनी गोष्ट सांगायची रीत नवी नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंत पिढ्यान्‌पिढ्या पोथीतली चित्रं पुढे सरकवत रामायण-महाभारत सांगत आले, त्यांतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली. १९९१ पासून ‘चिंटू’ने मराठी घरांना रोजच्या चौकटींची सवय लावली. मोठ्यांसाठीच्या दीर्घ चित्रकथेला मात्र मराठीत अजून घर नाही. प्रेमाच्या तर नाहीच. मग मुलं इंग्रजीत वाचतात, पुष्कळदा चोरट्या संकेतस्थळांवर, जिथे मूळ चित्रकर्तीला दमडी मिळत नाही.

विषयाचा तुटवडा नाही. आमच्या घोडबंदर गावचा किल्ला वसईच्या मोहिमेत १७३७ साली मराठ्यांनी घेतला. पुरुषांच्या गोष्टी म्हणून शाळेत आम्हाला एवढंच सांगितलं गेलं. त्या किल्ल्यापासून मीरा रोडपर्यंत आज इमारतींचं जंगल आहे. तिथे दोन तरुण भाड्याने घर मागायला आले की सोसायटीचे सेक्रेटरी विचारतात, तुमचं नातं काय? चुलतभाऊ, गाववाले, ऑफिसमधले सहकारी, जे सुचेल ते उत्तर दिलं जातं आणि अकरा महिन्यांचा करार होतो. गुन्हा राहिला नाही, पण ऑक्टोबर २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नातं म्हणून नोंदवायचीही सोय नाही. अकरा महिने, एक खोली, समोरच्या दाराचं भिंग, गॅसचं कार्ड कुणाच्या नावावर, गणपतीत कोण कुणाच्या गावी जाणार. पन्नास भागांची कथा होईल, आणि तीत सेक्रेटरीसुद्धा माणूस असेल.

दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी विनंती आहे. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने ही प्रथा सुरू केली तेव्हापासून अंकाची पानं नव्या प्रकाराला उघडत आली आहेत. यंदा परिसंवादाची आठ पानं कमी करा आणि ती एका चित्रकाराला द्या. समलिंगी प्रेमावर मतं मागवू नका, ती भरपूर छापून झाली. दोन पुरुषांची गोष्ट मागवा, चित्रांत, आणि संपादन करताना त्यांच्यातल्या शांत चौकटी कापू नका.